येणारे आणि न येणारे

डहाणूला लोक समुद्र पाहायला जातात, चिकूच्या वाड्यांत राहायला जातात, महालक्ष्मीला नवस फेडायला जातात. आम्ही मायलेक गेलो ते कॉलेज शोधायला. असं सांगितलं की नाशकातली माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "नाशकातली कॉलेजं संपली का?" संपलेली नाहीत. पण माझ्या मुलाला, यतीनला, बारावी सायन्सला सहाशेपैकी तीनशे तेरा गुण पडले. म्हणजे बावन्न पूर्णांक सतरा शतांश टक्के. आणि एवढ्या टक्क्यांच्या मुलाच्या आईशी नाशकात कोणी पुरतं वाक्य बोलत नाही. "बावन्न का? बरं..." इथेच थांबतात.

मी एका दूध संघात फॅट तपासते. दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे माझ्याच्याने सोडवत नाहीत, म्हणून सतरा शतांशसुद्धा लिहिले. आकड्यांचा मला आदर आहे. म्हणूनच त्यांचा असा वापर केलेला मला खपत नाही. फॅट मोजून दुधाचा भाव ठरतो, गाईची लायकी ठरत नाही. आमच्या इथल्या करिअर सल्लागाराने यतीनचे टक्के विचारले, संगणकावरची यादी खाली, आणखी खाली सरकवत नेली आणि म्हणाला, "बी.ए. करू दे, नाहीतर मॅनेजमेंट कोट्यात बघू." मुलाला काय आवडतं, हे त्याने विचारलंच नाही. आमच्या गॅलरीत माशांच्या सात टाक्या आहेत. कपडे वाळत घालायला मला जागा उरलेली नाही. गप्पी, मॉली, फायटर यांची पिल्लं हा मुलगा नववीपासून वाढवतो, आणि ती जगतात. हे कुठल्याही गुणपत्रिकेवर आलं नाही.

"मुलगा अ‍ॅव्हरेज आहे" असं आमचे भावोजी, म्हणजे माझे मोठे दीर, आजार सांगावा तसं सांगतात. सगळीच मुलं सरासरीच्या वर असू शकत नाहीत, हे गणित चौथीच्या पोरालाही कळतं. मग सरासरीतल्या मुलांनी जायचं कुठे, याचं उत्तर कोणाकडेच का नसावं? विद्यापीठाच्या संकेतस्थळावर यतीननेच शोधून काढलं की डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत तीन लहान कॉलेजांत प्राणिशास्त्राची बी.एस्सी. आहे आणि त्यात मत्स्यसंवर्धन हा विषय आहे. नावं आम्ही कधी ऐकलेली नव्हती. मला तीच गोष्ट बरी वाटली. यतीनच्या बाबांना रजा मिळेना, मी घेतली, आणि जुलैत आम्ही निघालो.

डहाणू

नाशिकहून एसटी त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत कासा-चारोटीवरून डहाणूला पोचते. घाटाचं वर्णन करत नाही. अर्धा घाट मी झोपले होते आणि उरलेला अर्धा पुढच्या सीटवरच्या बाईंना उलटीसाठी पिशव्या पुरवत होते.

डहाणूच्या बाजारात भाजीवाली मराठीत भाव सांगते, शेजारणीशी गुजरातीत भांडते आणि रिक्षावाल्याला हिंदीत झापते. मला सगळे 'बेन' म्हणत होते. आमच्याकडे द्राक्षांच्या बागा असतात, तशा इथे चिकूच्या, पण मी 'चिकूची बाग' म्हटलं की रिक्षावाला दरवेळी दुरुस्त करायचा, "वाडी, बेन, वाडी. बाग मुन्शिपालटीची." चिकूची झाडं एवढी दाट की खाली भरदुपारी दिवा लावावासा वाटावा. अशाच एका वाडीला लागून पहिलं कॉलेज होतं. नावं मी मुद्दामच लिहीत नाही. माझं भांडण एका इमारतीशी नाही.

कॉलेजच्या फाटकाशी कांदाभजीची गाडी होती. यतीन तिथे थांबला, मी ऑफिसात गेले. टेबलामागचे गृहस्थ फार अदबीचे होते. खुर्ची पुढे केली, पंखा माझ्याकडे वळवला आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"मुलगा येणार का?"

"नाही," मी म्हटलं, "तो बाहेर भजी खातोय."

त्यांचा चेहरा खुलला. "मग काय प्रश्नच नाय. न येणाऱ्यांच्या जागा आहेत अजून."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "बोलावू का त्याला? सही लागेल ना?"

"सही आपण करून घेऊ, बेन. त्याला कशाला त्रास?"

"न येणारे म्हणजे कोण?"

तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की बाई नवखी आहे. एसटीत हाफ तिकीट आणि फुल तिकीट समजावतात तसं त्यांनी मला समजावलं. विद्यार्थी दोन प्रकारचे. येणारे आणि न येणारे. येणाऱ्यांची फी ठरलेली, न येणाऱ्यांची वेगळी. न येणाऱ्याला प्रात्यक्षिकाची वही लिहून मिळते, हजेरी लागते, परीक्षेच्या आधी फोन जातो. "नाशिकहून आलात म्हणजे मी समजलोच की. लांबची माणसं रोज कुठून येणार?"

"आम्ही येणार आहोत," मी म्हटलं. "इथेच खोली घेऊन राहील तो. त्याला शिकायचंय."

त्यांनी खरोखर दिलगिरीने मान हलवली. "असं आधी सांगायचं ने, बेन. येणाऱ्यांच्या जागा भरल्या."

रोज दुधात पाणी घालणारे मी पाहते. साखर घालणारे, युरिया घालणारेही पाहिलेत. पण दूध मुळीच न घालता नुसता कॅन विकणारा, आणि तो घ्यायला येणाऱ्याला पंखा वळवून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ते शेवटपर्यंत अदबीनेच ऐकत होते, आणि त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं.

बाहेर आले तर यतीनने विचारलं, "काय झालं?"

"तू आलास तर जागा नाही. नाही आलास तर आहे."

तो भजी खात खात हसला. "म्हणजे घरी झोपलो असतो तर एव्हाना अ‍ॅडमिशन झाली असती."

मला हसू आलं नाही.

धाकटी डहाणू

संध्याकाळी यतीनला खाडी पाहायची होती म्हणून धाकट्या डहाणूला गेलो. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्यावर निळी प्लास्टिकं पांघरून पडलेल्या होत्या आणि दारादारात जाळी दुरुस्त करणं चाललं होतं. नाशकात समुद्राचा वास आम्हाला फक्त बुधवारच्या बाजारातल्या सुकटीतून येतो. इथे तो अंगणातून, भिंतीतून, चहाच्या कपातून येत होता. सुके बोंबील विकणाऱ्या एक मावशी आम्हाला ओसरीवर बसायला म्हणाल्या. मी दुपारपासून धुमसत होते, त्यांनी विचारताच सगळं सांगून टाकलं.

त्या जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाल्या, "यात नवीन काय बाय? माझा भाचा हाय ना, पदवीधर. पत्रिकेवर छापलंय लग्नाच्या. कालेज कोणच्या रस्त्याला ते ईचार त्याला. नाय सांगता येणार."

आतून कोणीतरी, बहुधा तोच भाचा, ओरडला, "मावशे, फोटो काढायला गेलो होतो की मी!"

"हां, एकदा गेलेला," मावशी म्हणाल्या. "बॅनरपुढं उभा राह्यला. घरी येऊन सांगतो कसा, मावशे, कॅन्टीन चांगली हाय."

सगळी ओसरी हसली. यतीनही हसला. मी मात्र त्या भाच्याचाच विचार करत होते. तो वाईट मुलगा नव्हता. बाहेर येऊन त्याने आम्हाला एसटीचा थांबा दाखवला, पिशवीत चार बोंबील जास्त टाकले. तीन वर्षं कोणी त्याला एक अक्षर शिकवलं नाही, आणि त्या न शिकवण्याचं प्रमाणपत्र त्याच्या हातात ठेवलं. आता कोणी त्याला त्यातलं काही विचारलं तर लाज त्याला वाटते. ज्यांनी विकलं त्यांना वाटत नाही.

कासा

दुसऱ्या दिवशी आम्ही कासा गाठलं. इथे बाजार आहे, सरकारी दवाखाना आहे आणि पाड्यांवर जाणाऱ्या जीप आहेत, ज्या माणसं भरली म्हणून सुटत नाहीत, आणखी भरायला जागा उरली नाही म्हणूनच सुटतात. आमच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर एका अनोळखी बाईंची कोंबडी होती. उतरताना त्या बाईंनी माझे आभार मानले, कोंबडीने नाही.

दुसरं कॉलेज तिथून थोडं आत, पुढून काचेचं आणि मागून प्लास्टर न केलेल्या विटांचं. या वेळी मी शहाणी झाले होते. आत शिरताच, कोणी काही विचारायच्या आत, जाहीर केलं, "मुलगा येणार आहे."

ऑफिसातला तरुण दचकला. "येणार? म्हणजे परीक्षेला ना?"

"रोज."

"रोज?" त्याने यतीनकडे पाहिलं, जणू मुलाला काही होतंय की काय. "अहो ताई, पण बाकी कोणी येत नाय. एकट्यासाठी मी सर कुठून आणू?"

"शिकवणारे नाहीत?"

"आहेत ना. बोर्डावर सहा नावं आहेत. पण मुलंच नाहीत तर सर येऊन काय करणार?"

"आणि सर नाहीत म्हणून मुलं येत नाहीत?"

"करेक्ट," तो म्हणाला. मला पटलं याचा त्याला आनंद झाला.

प्रयोगशाळा दाखवा म्हटलं तर त्याने शिपायाला किल्ली घेऊन पाठवलं. टेबलांवरचं कारखान्यातलं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. माशांची मोठी टाकी होती. तिच्यात झाडू, फडकी आणि फिनेलचा डबा ठेवलेला. यतीनने टाकीच्या काचेवरून बोट फिरवलं आणि धूळ आपल्या पॅन्टला पुसली.

"मग तपासणी आली तर?" मी शिपायाला विचारलं. पन्नाशीचा माणूस, बाजूच्या पाड्यावरचा.

"आली की पोरं बसवतात."

"कुठली पोरं?"

"आमच्याच पाड्यावरची. टेम्पो येतो न्यायला. पांढरा कोट देतात, जेवण देतात. माझी पोरगी बसली दोनदा. बारावी नापास हाय ती."

"कोणाच्या नावाने बसली?"

"नाव कोण ईचारतंय, बाय? खाली मान घालून ल्ह्यायचं नुसतं."

"काय लिहिलं तिने?"

"स्वतःचं नाव. पान भरंपर्यंत."

ज्या मुलीला त्या वर्गात खरंच बसवायला हवं होतं, तिला दोनदा तिथे नेलं, कोट घातला, बाकावर बसवलं आणि संध्याकाळी टेम्पोने परत सोडलं. परत आल्यावर मी याबद्दल संबंधित कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "आमच्या तपासणीत सर्व विद्यार्थी हजर होते." मी म्हटलं, हजर होते, पण ते विद्यार्थी नव्हते. फोन ठेवला गेला.

चारोटीला आम्ही मिसळ खाल्ली. नाशिकच्या माणसाने बाहेर मिसळ खाऊ नये, हे मला माहीत आहे. तरी रागाच्या भरात खाल्ली. यतीन म्हणाला, "आई, भावोजीकाका म्हणतात तसं रिपीट करतो मी. वर्ष जाईल, पण..."

"पण काय?"

"पण काही नाही. टाक्या काढून टाकू गॅलरीतल्या. तुला कपड्यांना जागा होईल."

गेली चार वर्षं मी त्याला हेच सांगत होते. त्या क्षणी मला ते ऐकवेना. "अजून एक राहिलंय," मी म्हटलं. "तेही बघू."

झरी

तलासरीहून झरीकडे जाताना गुजरातची हद्द एवढी जवळ येते की मोबाईल आपलं स्वागत गुजरातीत करतो. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली. आमच्याकडे शेतात एवढं पाणी दिसलं तर पंचनामा करायला तलाठ्याला बोलावतील.

तिसरं कॉलेज म्हणजे कौलारू छपराची एक लांबट इमारत. फाटकावर 'प्रवेश सुरू आहे' असा फळा होता. आत प्राणिशास्त्राचे धोडी सर भेटले. चाळिशीतले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात प्लास्टिकची बादली. मी नाशिक म्हटल्याबरोबर त्यांनी बादली खाली ठेवली.

"नाशिक? जागा नाही."

"बाहेर सुरू आहे लिहिलंय."

"मे महिन्यातलं आहे. पुसायचं राहिलं."

"सर, मुलगा रोज येणार आहे."

"सगळेच म्हणतात," ते म्हणाले आणि बादली उचलून चालायला लागले.

दोन दिवस ज्याचा मला संताप आला होता, त्याच गोष्टीचा संशय आता माझ्यावर घेतला जात होता. मी त्यांच्या मागे गेले. चिखलात चप्पल रुतली, मी तशीच ओढली, पट्टा तुटला. एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन मी त्यांना म्हटलं, "मी फसवायला आले असते तर डहाणूला पंख्याखाली बसले असते. इथे चिखलात कशाला आले असते?"

त्यांनी माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं. मग यतीनला विचारलं, "मासे पाहिलेस कधी? बाजारात सोडून?"

"सात टाक्या आहेत," यतीन म्हणाला.

"चल."

त्या दिवशी वर्गाला गावतळ्यात माशांची पिल्लं सोडायची होती. बोटाएवढी असतात म्हणून त्यांना बोटुकली म्हणतात. रोहू आणि कटला, प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून टेम्पोने आलेली. तळ्याच्या काठावर अकरा मुलंमुली होती. एकीने, रेखाने, यतीनला नखशिखांत न्याहाळलं.

"नाशिकला दर्या हाय का रे?"

"नाही."

"मंग मासं कोणी शिकवलं तुला?"

"काचेच्या टाकीने."

"अगो बाय, काचंचा मासा आलाय!" ती ओरडली, आणि तळ्यावर त्याचं तेच नाव पडलं.

पिशवी एकदम फोडायची नसते. आधी ती तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मगच तोंड उघडायचं. एका मुलाने घाईने पिशवीच्या गाठीला हात घातला तेव्हा रेखा आणि यतीन एकाच वेळी "थांब!" म्हणाले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धोडी सरांनीही पाहिलं. पुढच्याच मिनिटाला यतीन काठावरून घसरला आणि कमरेपर्यंत पाण्यात बसला. "काचंचा मासा सोडला रे तळ्यात!" असं म्हणून ती सगळी अशी हसली की मीही दोन दिवसांत पहिल्यांदा हसले.

मोजणीची पद्धत मला फार आवडली. एका जाळीच्या वाटीत किती बोटुकली मावतात ते मोजायचं आणि मग वाट्या मोजायच्या. मी न राहवून म्हटलं, एका वाटीवर भरवसा ठेवू नका, तीन वाट्या मोजा आणि सरासरी काढा.

"आईला मोजायला लावा," यतीन पाण्यातून म्हणाला, "नाहीतर घरी गेल्यावर ती मलाच मोजेल."

मी मोजलं. पहिल्या वाटीत बेचाळीस, दुसरीत एक्कावन्न, तिसरीत पंचेचाळीस. "सरासरी शेहेचाळीस," मी म्हटलं. सरांनी ती धरली. रेखा म्हणाली, "काकू, तुम्हीच घ्या की अ‍ॅडमिशन." आमच्या घरी सरासरी हा शब्द वर्षभर शिवीसारखा वापरला जात होता. इथे त्या शब्दावर तळ्यातल्या माशांचं खाद्य ठरणार होतं.

परत येऊन सर वर्गात हजेरी घ्यायला उभे राहिले. मी व्हरांड्यात होते. पहिलं नाव घेतलं, उत्तर नाही. दुसरं, उत्तर नाही. तिसऱ्याला रेखा "हजर सर" म्हणाली. अशी वीस नावं झाली आणि अकराच आवाज आले.

"उरलेले नऊ?" मी सर बाहेर आल्यावर विचारलं.

"इथेही आहेत," ते म्हणाले. "संस्था शहरातली आहे. नावं वरून येतात, आम्हाला विचारून येत नाहीत. एक तर म्हणे दुबईत नोकरीला आहे. म्हणून तुम्ही नाशिक म्हणालात आणि माझं डोकं गेलं. यंदा शेजारच्या पाड्यावरच्या दोन मुली जागा नाही म्हणून परत गेल्या. मी स्वतः त्यांना परत पाठवलं."

माझ्या हिशेबात हे बसेना. त्या नऊ जागा भरलेल्या होत्या आणि रिकाम्याही होत्या. "मग त्यांना काढता येत नाही?"

"सलग गैरहजर राहिले की नाव कमी करण्याचा प्रस्ताव पाठवता येतो. आम्ही पाठवलाय. संस्था मानेल तेव्हा मानेल. जागा सुटल्या तर आधी त्या दोघींना बोलावणार. मग याला. तोवर बसू दे त्याला."

"नावाशिवाय?"

"नाव आहे ते येत नाहीत. येतोय त्याचं नाव नाही. मी काय करू, बाई? समोर बसेल त्याला शिकवतो."

मी अशी बाई आहे की दुधाचा कॅन नोंदीशिवाय पुढे जाऊ देत नाही. पोटच्या मुलाला कुठेच नोंद नसलेल्या बाकावर बसवून जायचं? वर्षाअखेर परीक्षेला बसता आलं नाही तर? मी सरांना हे सगळं विचारलं. त्यांनी एकाही गोष्टीची हमी दिली नाही, आणि मला त्या दोन दिवसांत भेटलेला तो पहिला माणूस होता ज्याने खोटी हमी दिली नाही. प्राचार्याबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी काहीही पाहिलेलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते." मग यतीनच्या ओल्या कपड्यांकडे बघून, "रेनकोट आणलायस का रे? इथला पाऊस नाशिकसारखा नाही."

"त्या मुली परत आल्या तर त्यांच्या आधी मला नाव नको," यतीन सरांना म्हणाला. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

मुलांचं वसतिगृह पटावरच्यांसाठीच, तेव्हा राहायचा प्रश्न आला. वर्गातला देवराम म्हणाला, आमच्याकडे राहील. त्याचं घर शेताच्या बांधावर, सारवलेली ओटी, आत चूल. त्याची आई जानकीबाई लावणीहून नुकतीच आली होती. तिने नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं, वर टाकळ्याची भाजी. आमच्याकडे उडीद फक्त पापडात जातो. इथे रोजच्या ताटात होता. मी तिला सगळं खरं सांगितलं. याचं नाव कॉलेजात लागलेलं नाही, कधी लागेल ते माहीत नाही, तुमच्यावर भार नको.

"नावाचं सर बघतील," ती म्हणाली. "भाकरीला नाव लागत नाय. पोरगा लाकडं फोडतो का?"

"नाही येत त्याला."

"मंग ते तरी शिकंल हितं."

सकाळी मी निघाले तेव्हा यतीन देवरामबरोबर बांधावरून कॉलेजकडे चालला होता. पायात देवरामच्या बापाची रबरी चप्पल, हातात माझी तुटक्या पट्ट्याची. ती वाटेत शिवून घेतो म्हणाला. मी अनवाणीच जीपमध्ये चढले.

नाशिक

येऊन तीन आठवडे झाले. संस्थेचं उत्तर आलेलं नाही. त्या दोन मुलींपैकी एक परत आली आहे आणि तीही नावाशिवायच बसते. दुसरीचं लग्न ठरलं, असं यतीनने फोनवर सांगितलं. त्या नऊ जणांच्या घरी कोणाला हे माहीतही नसेल. माहीत असतं तर काही फरक पडला असता का, ते मला सांगता येत नाही. ज्यांना आपल्या मुलासाठी कॉलेज शोधायचं आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. काच बघू नका, फळा बघू नका. वर्गाच्या दाराशी उभे राहा आणि हजेरी ऐका.

रविवारी भावोजी आले. गॅलरीतल्या टाक्यांना मी खाद्य घालत होते, ते काम आता माझ्याकडे आहे.

"मग, झाली का अ‍ॅडमिशन?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी म्हटलंच होतं. बावन्न टक्क्यांना कोण विचारतंय. कुठे आहे? झोपलाय का अजून?"

"कॉलेजात आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यतीनच्या बाबांकडे. "म्हणजे काय?"

"म्हणजे रोज जातो," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेले.